विमलाबाईंचं जाहीर वाचन

हडपसरात रुपालीचं पोळी-भाजी केंद्र होतं. खराडीच्या आयटी कंपन्यांत दुपारी जे डबे उघडत, त्यातल्या बऱ्याच पोळ्या इथल्या. सहा बायकांचे हात कणकेत, म्हणून सातवी पेपर वाचून दाखवी. ही सातवी म्हणजे विमलाबाई. नारायण पेठेतल्या शाळेतून निवृत्त होऊन मुलाच्या फ्लॅटपायी त्या इकडे आल्या होत्या. दुखऱ्या मनगटामुळे लाटणं जमत नसे, आणि गप्प बसणं तर मुळीच नाही.

पेपरवर त्यांचा राग होता, पण पेपरवाचून चहा घशाखाली उतरत नसे. चोरीच्या बातमीत चोराचा समाज छापलेला दिसला, की बाई उरलेल्या बातम्यांतही पदरच्या जाती भरत. सुरुवात स्वतःच्या जातीपासून. ‘‘कोकणस्थ इंजिनिअरने सिग्नल तोडला. मराठा बिल्डरची भिंत पडली. पंगतीत भेदभाव नको!’’ बायकांची हसून मुरकुंडी वळे. सगळ्यांत मोठ्यानं हसे ती तव्यावरची जैतूनबी मुलाणी. बाईंच्या चहात साखर चोरून कमी घालणारीही तीच.

हे हसणं एका मंगळवारी थांबलं. पहिल्या पानावर मथळा होता, ‘कंपनीतून लॅपटॉप लांबवला, मुस्लिम तरुण ताब्यात’. आधी नजर फिरवून मग वाचायची बाईंची सवय. त्या दिवशी विनोदाच्या घाईत ती राहिली. खणखणीत आवाजात त्या वाचत गेल्या आणि नाव तोंडातून सुटल्यावरच त्यांच्या लक्षात आलं. मुदस्सर मुलाणी. जैतूनचा मुलगा. तो रात्रपाळीहून अजून घरी आला नव्हता, एवढंच तिला ठाऊक होतं. तव्यावरची पोळी काळी झाली. जैतूननं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि ती निघून गेली.

पेपरनं ती बातमी तीन दिवस चघळली. शुक्रवारी लॅपटॉप ज्याचा, त्या साहेबाच्याच गाडीच्या डिकीत सापडला. पोलिसांनी मुदस्सरला सोडलं, कंपनीनं कॉफी पाजून पुन्हा कामावर घेतलं. शनिवारच्या पेपरात मात्र एक अक्षर नाही. विमलाबाई रिक्षा करून थेट पेपरच्या कचेरीत गेल्या.

‘‘आपण संपादक का? छान. चुकलेला गृहपाठ पुन्हा लिहायचा असतो. लिहा, मी बसते.’’

चार तास बसल्या. रविवारी सातव्या पानावर, ‘गुरुवारी पाणी बंद’च्या खाली, दोन ओळींचा खुलासा आला. तो घेऊन बाई जैतूनच्या घरी गेल्या. शाबासकी मिळेल असं त्यांना वाटलं होतं, ते खोटं कशाला सांगा?

जैतूननं ऐकून घेतलं, चहा पुढे केला. मग म्हणाली, ‘‘बाई, ते समद्यांम्होरं मोठ्यानं वाचलंत. आन् हे घरात येऊन हळू सांगताय व्हय? तिथं सगळ्यांच्या कानात अजून तेच हाय. मी कशी येऊ?’’

विमलाबाईंनी चहा संपवला आणि पेपर घडी करून पिशवीत ठेवला.

सोमवारी केंद्रात त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या. ‘‘गेल्या मंगळवारची बातमी मी न बघता वाचली. चूक माझी. आता हे ऐका.’’ आणि सातव्या पानावरच्या दोन ओळी त्यांनी मुदस्सरच्या नावासकट खणखणीत वाचल्या. मंगळवारी पुन्हा तोच रविवारचा पेपर. बुधवारी पुन्हा.

‘‘बाई, प्लीज, सेम न्यूज किती वेळा?’’ रुपाली वैतागली.

‘‘ती तीन दिवस छापली. हीसुद्धा तीन दिवस.’’

केंद्रात लाटणाऱ्या, जैतूनच्याच गल्लीतल्या सरुबाईनं तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं असणार. कारण बाई बुधवारचं वाचायला लागल्या तेव्हा जैतून दारात उभी होती. दोन्ही ओळी संपेपर्यंत ती आत आली नाही. मग तिनं हात धुतले, गॅस पेटवला, तवा चढवला.

‘‘बाई, त्याच्या वरचं वाचा की आता. उद्या पाणी येनार का न्हाई?’’

बाईंना अक्षरं दिसेनात. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, ‘‘सगळ्या हडपसरचं बंद. यात मात्र कुणी भेदभाव केलेला नाही हो.’’