एक मशीन, दोन बटनं आणि भगवानचं जोडपं

आमच्या शेडमध्ये वाया गेलेलं प्लास्टिक दळून परत मशीनमध्ये जातं. किस्से मात्र दळले जात नाहीत, नुसते साठत राहतात. सिरसाळ्याजवळच्या एका सहकारी सोसायटीत मी ब्लो मोल्डिंगचा सुपरवायझर. दुष्काळात पाण्याचे ड्रम बनवायचे, म्हणजे मशीन थांबवा म्हणणारा मी एकटा आणि चालू ठेवा म्हणणारा अख्खा तालुका. दमलो बाबा.

*

वरून तापलेल्या प्लास्टिकची नळी उतरते, साच्याचे दोन भाग तिला दाबतात, आत हवा भरली की ड्रम तयार. मध्ये हात सापडला तर हात गेला. म्हणून लांब लांब दोन बटनं. एकाच माणसानं दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे हात बाहेरच राहतात.

यंदा ऊसच नव्हता, म्हणून भगवान आणि कोंडाबाई हे ऊसतोडीचं जोडपं कामाला आलं. बघतो तर एक बटन त्यानं दाबलंय, एक तिनं. आणि तिचा मोकळा हात साच्याच्या तोंडाशी!

"अरे, हे एका माणसाचं काम आहे."

"आमी एकच हाव की, सायेब," भगवान म्हणाला. "उसाच्या फडात मुकादम बी नवरा-बायकोला मिळून एकच कोयता मोजतो."

दोघांच्या पाळ्या वेगळ्या केल्या, तर दोन दिवस माझ्याशी कुणी बोलेना.

*

गरम ड्रम धरायला हातमोजे दिले. दुसऱ्या दिवशी कोंडाबाई परत उघड्या हातानं.

"मोजे कुठंयत?"

"घरी. चुलीवरलं पातेलं उतराया लई बेस."

"आणि इथं?"

"इथं खराब व्हत्यात."

*

मशीनच्या दाराला स्विच आहे. दार उघडलं की मशीन थांबतं. दसऱ्यानंतर दार सताड उघडं आणि मशीन चालूच. पूजेचा लाल नाडा कुणीतरी नेमका त्या स्विचवरच करकचून बांधलेला.

सोडायला कुणी तयार होईना. "देवाचा हाय, सायेब."

आमचे फिटर सलीमभाई पुढं झाले आणि नाडा सोडून खिशात ठेवला. "पाप माझ्या नावावर लिव्हा. हात तेवढे तुमचे तुमच्यापाशी ठेवा."

*

सलीमभाईंचा एक नियम होता. साच्यात हात घालायचा तर आधी मेन स्विच चावीनं बंद करायचा आणि चावी आपल्या गळ्यात अडकवायची. एवढा एकच नियम सगळ्यांनी मानला.

एकदा साच्यात प्लास्टिक चिकटलं. कोंडाबाईनं चावी गळ्यात घातली आणि कोपरापर्यंत हात आत घालून खरवडायला लागली. बाहेर ड्रमसाठी ट्रॅक्टरांची रांग. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन तावातावानं आत आले.

"मशीन कावून बंद हाय?"

"बाई आत काम करतेय," मी म्हणालो.

"तिला म्हणावं हात काढ. लोक पाण्यावाचून बोंबलायलेत." आणि त्यांनी खिशातून स्वतःकडची दुसरी चावी काढली, थेट स्विचमध्ये घातली. मी आडवा आलो, तर त्यांनी मला बाजूला सारलं.

भगवानची पाळी संपली होती, पण तो बायकोसाठी थांबला होता. साच्यापाशी गेला, बाही वर केली आणि बायकोच्या हाताशेजारी आपला हात आत घातला.

"फिरवा, चेअरमनसाब."

चेअरमनचा हात चावीवर तसाच राहिला.

कोंडाबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाली, "सरका की जरा. उजेड अडतोय."