उजव्या कानाचा पडदा

माझ्या उजव्या कानाचा पडदा माझ्या थोरल्या भावानं फोडला. भर बाजारात, उघड्या तळहातानं, एका थपडेत.

त्याची बैलजोडी मी विकून दिली होती. आमच्याकडं बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. जोडी गेल्यावर कुणीतरी भावाच्या मनात भरवलं, की घेणाऱ्यानं जास्तीचा आकडा दाबला होता आणि मधला फरक मी खाल्ला. मी खाल्ला नव्हता. इतरांच्या सौद्यात मी काय केलं ते माझं मला ठाऊक आहे, पण त्या जोडीत मी काहीच ठेवून घेतलं नव्हतं. विचारलं असतं तर घेणाऱ्याला समोर उभा केला असता. त्यानं विचारलं नाही.

"भावाला बी हेडी झालास का बे?" एवढं म्हणाला आणि हात उचलला.

हेडी म्हणजे बैलांचा दलाल. चार शेळ्या हाकत पायी बाजार करणारा मी, स्वतःच्या हिमतीवर दारात पिकअप उभी केली, पण सख्ख्या भावाच्या तोंडी तो शब्द शिवीसारखाच आला. कानात शिट्टी वाजली. ती थांबली तेव्हा त्या बाजूचं जग कुणीतरी गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं झालं होतं. पुढं कान वाहू लागला. उशीला वास यायचा. बायको रोज अभ्रा बदलायची.

लोकांना वाटतं, हेड्याची बोटं हुशार लागतात. माझी खरी कमाई उजव्या कानावर होती. उपरण्याखाली बोटं चालू असायची आणि उजवा कान बैल विकणाऱ्याच्या घरच्यांकडं. तोंडाला पदर लावून त्याची बायको पुटपुटायची, "द्या की आता, वैरण कुठं हाय घरी?" की मी आकडा तिथंच अडवून बोटं सैल सोडायचो. कधी बैलाची खोडही अशीच कानावर यायची. कान गेल्यावर मी आंधळ्यासारखा बैल घेऊ लागलो. एक दुखऱ्या पायाचा घेतला, एक मारका घेतला. बाजारात हसू झालं.

शेवटी बीडला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. एका बंद खोलीत कानाला यंत्र लावून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मला काही ऐकू येत नव्हतं, पण काचेपलीकडच्या बाईच्या खांद्याकडं बघून मी अंदाजानं दाबत राहिलो. तिनं दार उघडलं. "काका, मी अजून आवाज सोडलाच नाही."

डॉक्टर म्हणाला, कानाच्या वर कातडीखाली एक पातळ पापुद्रा असतो, तो काढून पडद्याच्या जागी बसवू. मी घासाघीस केली. उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. तो हसला. "बिलात थोडं सोडतो. पण पाण्याच्या बाबतीत काही सोडणार नाही. मी सांगेपर्यंत कानात एक थेंब गेला नाही पाहिजे. डोक्यावरून आंघोळ बंद. नाक जोरात शिंकरायचं नाही. रागही आवरा."

"शेवटचं जमणार न्हाई," मी म्हणालो.

भूल फक्त कानापुरती होती. तोंडावर हिरवं कापड, आणि कानाच्या आत कुणीतरी वाळलेली पानं चुरडत असल्यासारखा आवाज. मी हलू नये म्हणून नर्सनं डोकं धरून ठेवलं होतं. त्या कापडाखाली मी भावाचाच विचार करत होतो. तो भेटायला येईल. दारात उभा राहून म्हणेल, कान कसा हाय? मला तेवढंच वाक्य हवं होतं.

तो आला नाही. वहिनी दूध घेऊन आली. "आणि त्यो?" मी विचारलं.

"रानात गेलेत," ती खाली बघत म्हणाली.

कानात अजून औषधाचा बोळा होता, तेव्हा त्याच रानात भाऊ विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबायला गेला आणि तिथंच कोसळला. लोकांनी बाजेवर घालून घरी आणला तो मेलेलाच. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. रागच आला. आता ते वाक्य कोण बोलणार होतं?

भावाला मुलगा नाही, एकच लेक. म्हणून मडकं माझ्या खांद्यावर आलं. आमच्यात मडकं धरणाऱ्यानं आधी डोक्यावरून आंघोळ करायची आणि ओल्या अंगानं चितेला फिरायचं. मागचा माणूस दगडानं मडक्याला भोक पाडतो, पाणी पाठीवरून गळत राहतं.

मी भावकीला म्हणालो, "खांद्यापासून खाली आंघोळ करतो. डोक्यावरून ओलं फडकं फिरवतो. डॉक्टरनं पाणी बंद केलंय."

"आसं कुठं आस्तंय का?" भावकीतला म्हातारा म्हणाला.

"मग तुळशीचं पाणी शिंपडा डोक्यावर. कान दाबून धरतो."

पुतणी पुढं आली. रडून तिचा आवाज बसला होता. "काका, तुमी राहू द्या. मी धरते मडकं."

"पोरीनं कावून? चुलता जित्ता हाय की," म्हातारा म्हणाला.

मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आमचा एक चुलतभाऊ बोलला. मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला उभा राहून, मला ऐकू जाईल असं. "हेडी हाय त्यो. मयतासंगं बी बोटं दाबतोय."

दोघेतिघे हसले. मयताच्या अंगणात हसले.

कानातला औषधाचा बोळा मी उपटून फेकला. बादली उचलली आणि सगळी डोक्यावर ओतली. पाणी कानात शिरलेलं कळलं, थंडगार, थेट आत. पुतणी ओरडली, "काका!" मी दुसरी बादली भरली आणि तीही ओतली. मग मडकं खांद्यावर घेतलं.

काही दिवसांनी उशीला पुन्हा तोच वास आला. डॉक्टरनं आत बघितलं.

"पाणी गेलं?"

"भाऊ वारला."

त्यानं मान हलवली. बसवलेला पापुद्रा सडून गेला होता. म्हणाला, कान कोरडा झाला की पुन्हा करता येईल, पण आता खात्री कमी. मी गेलो नाही.

पुतणी अधूनमधून येते. माझ्या डाव्या हाताला बसते आणि विचारते, "कान कसा हाय, काका?" वाक्य तेच आहे. तिच्याकडून घ्यायचं नव्हतं ते.

परवा बाजारात तोच चुलतभाऊ बैल घेऊन आला. बैल चांगला दिसत होता. मी उपरण्याखाली हात दिला. त्यानं बायकोला हातानं खूण करून माझ्या उजवीकडं उभं केलं. ती तोंडाला पदर न लावताच बोलू लागली. अगदी जवळून, बिनधास्त. तिचे ओठ हलताना दिसत होते. ती बैलाच्या मागच्या पायाकडं बघत होती.

चुलतभाऊ माझ्याकडं बघत होता आणि त्याची बोटं माझ्या बोटांवर आकडा दाबत होती. मी हात काढून घेतला.