अपेक्षित उत्तर: शून्य

आमच्या ऑफिसात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही, सगळे पुन्हाबघ म्हणतात. त्याला काहीही दाखवायला न्या, चष्मा कपाळावर चढवून तो आधी म्हणणार, "पुन्हा बघ." मग स्वतः बघणार, आणि चूक सापडली नाही तर हिरमुसणार. वीस वर्षं मी त्याच्या समोरच्या टेबलावर बसते, आणि माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं. म्हणून आमचं पटतं. बाकीच्यांना आम्ही दोघंही नकोसे असतो. मी जरा जास्तच, कारण तो निदान हळू आवाजात बोलतो.

ऑफिस रुग्णवाहिकेच्या फोनकेंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली बाराजणी कानाला हेडफोन लावून "कुठे लागलंय, श्वास चालू आहे का" विचारत असतात, आणि वर आम्ही त्यांचे कॉम्प्युटर चालते ठेवतो. यंदा वरून हुकूम सुटला की सगळी माहिती क्लाउडवर न्या. म्हणजे लांब कुठल्यातरी इमारतीतल्या भाड्याच्या मशिनांवर. तीही नेहमीच्या तक्त्यांत नाही, ग्राफ डेटाबेसमध्ये. नाव ऐकून घाबरू नका, मीही उगाचच घाबरले होते. त्यात माणूस म्हणजे एक ठिपका. "मला काही झालं तर हिला फोन करा" असं तुम्ही आमच्या फॉर्मवर लिहिलंत की तुमच्या ठिपक्यापासून तिच्या ठिपक्यापर्यंत एक बाण जातो. प्रत्येकाला तीन बाण, पहिला, दुसरा, तिसरा. कोणी रस्त्यात कोसळलं की खालच्या बायकांना ते तीन बाण लगेच दिसायला हवेत.

पण डेटाबेस तिकडे आणि बायका इकडे. मधे निरोप नेणारा-आणणारा प्रोग्रॅम लागतो, त्याला क्लायंट म्हणतात. तो लिहायचं काम पुन्हाबघकडे आलं. क्लायंटला सगळं आधी पढवून ठेवावं लागतं: कुठल्या पत्त्यावर जायचं, ओळख पटवायला कुठली चावी दाखवायची, उत्तराची किती वेळ वाट बघायची, आलं नाही तर किती वेळा पुन्हा विचारायचं. या शेवटच्या दोन गोष्टींवर पुन्हाबघनं आठवडा घालवला. शेवटी ठरवलं, दोन सेकंद थांबायचं, दोनदा पुन्हा विचारायचं, आणि तरीही समोरचं मशीन गप्प बसलं तर त्याचा नाद सोडून दुसऱ्याकडे जायचं.

"इतकी घाई?" मी म्हटलं.

"जो उत्तर देत नाही त्याच्या दारात किती वेळ उभं राहायचं? इथे माणसं मरतात," तो म्हणाला.

हे त्याचं जुनंच मत. दोन वर्षांपूर्वी फॉर्म नवा केला तेव्हा भर मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून त्यानं एक ओळ ठळक अक्षरांत घालून घेतली होती: "जो फोन नक्की उचलतो त्याचंच नाव लिहा. नातं बघू नका." लोक भिडेखातर नवऱ्याचं नाव लिहितात, थोरल्या भावाचं लिहितात, आणि ते उचलत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. ओळ छापून आली तेव्हा गडी दिवसभर खुशीत होता.

आता गंमत ऐका. त्याचा स्वतःचा फोन कुठे असतो? टेबलाच्या खणात. सकाळी नऊला आल्या आल्या आवाज बंद करून तो फोन खणात टाकतो आणि खण लावतो, तो संध्याकाळी सहाला उघडतो. "डोकं एका वेळी एकच काम नीट करतं," असं म्हणतो. नवीन पोरापोरींना यावर भाषणही देतो. मीसुद्धा मान डोलवायची.

क्लायंट तयार झाला तो मंगळवार होता. पहिल्या तपासणीची त्याची एक ठरलेली रीत आहे. नव्या प्रोग्रॅमला पहिला प्रश्न असा विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला झोपेतही सांगता येईल. म्हणून तो नेहमी स्वतःच्या घरची माहिती घेतो. साहेबांची त्याला तशी लेखी परवानगी आहे. त्यानं बायकोचा नोंदणी क्रमांक टाकला. प्रश्न साधा होता, हिला काही झालं तर कोणाला फोन करायचा? उत्तर तो आधीच कागदावर लिहून बसला होता: एक, मी. दोन, मुलगी. तीन, मेहुणा.

पडद्यावर आलं: एक, तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताई. दोन, मुलगी. तीन, मेहुणा.

"बाण उलटे वाचतोय," तो म्हणाला आणि चक्क खूश झाला. सापडली एकदाची चूक! मी टिंगल केली, "बायकोनं डच्चू दिला वाटतं तुला." अजून ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बाण उलटे नव्हते. मग त्याला वाटलं, क्लायंट मूळ मशिनाऐवजी मागे पडलेल्या जुन्या नकलेतून वाचतोय. त्यानं पत्ता बदलून थेट मूळ मशीन गाठलं. उत्तर तेच. मग वाटलं, चाचणीच्या चावीला सगळं दिसत नसेल. पूर्ण अधिकाराची चावी आणली, साहेबांची सही घेऊन. उत्तर तेच. जेवायच्या सुट्टीत तो उठला नाही. मुलीचा क्रमांक टाकला: आई, शिवणवाल्या ताई, कॉलेजातली मैत्रीण. त्याच्या आईचा टाकला, म्हातारी एकोणऐंशीची, त्यांच्याकडेच असते: सून, शिवणवाल्या ताई, नात.

घरात बायका तीन, बाण नऊ, आणि त्यातला एकही त्याच्याकडे येत नव्हता.

मी उठून त्याच्या खुर्चीमागे गेले. आता मलाही हसू येत नव्हतं. त्यानं प्रश्न फिरवला. हा माझा ठिपका, जगात कोणाकोणाचा बाण माझ्याकडे येतो? क्लायंटनं दोन सेकंदसुद्धा घेतले नाहीत.

शून्य.

"पुन्हा बघ," तो म्हणाला. मला म्हणाला की मशिनाला, कोण जाणे. पुन्हा तोच प्रश्न टाकला, पुन्हा शून्य. आठ-दहा वेळा त्यानं ते बटण दाबलं असेल, आणि मी त्याचा हात धरला नाही, कारण मला सुचलंच नाही.

प्रत्येक बाणाला, ते नाव फॉर्मवर कधी लिहिलं त्याची तारीख चिकटलेली असते. ती मागवायची बुद्धी मला झाली, आणि न झाली असती तर बरं झालं असतं. नऊच्या नऊ नावं एकाच दिवशी, बारा मिनिटांत लिहिलेली होती. गेल्या वर्षीचा एक गुरुवार, दुपारी पावणेचार.

त्याला काही आठवेना. मला मात्र लगेच आठवलं. त्या गुरुवारी आम्ही खालच्या बायकांचा कॉम्प्युटरवरचा नवा पडदा सुरू करत होतो, आणि त्याचा खण थरथरत होता. थांबायचा, पुन्हा थरथरायचा. पेन्सिली आत खडखडत होत्या. मी एकदा म्हटलंही होतं, "अरे, तुझा खण बोलतोय." तो मान वर न करता म्हणाला होता, "बोलून बोलून थांबेल." आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मला त्या आवाजाचा त्रास होत होता, म्हणून मी कानात बोळे घातले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी त्याची आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं. तो साडेसहाला हॉस्पिटलात पोचला तेव्हा सगळं मार्गी लागलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन कौतुकानं सांगत होता, "घरचे फार समजूतदार आहेत. कोणी मला एका शब्दानं बोललं नाही."

मंगळवारी दुपारी ते त्याला आठवलं. त्याचा अर्थ त्याला कळला तेही मी बघितलं. मग अचानक तो कीबोर्ड ओढून भराभर काहीतरी लिहायला लागला. मी वाकून बघितलं तर लिहायचा हुकूम होता: बायकोच्या ठिपक्यापासून माझ्या ठिपक्यापर्यंत बाण काढ, क्रमांक एक. पूर्ण अधिकाराची चावी क्लायंटमध्ये होतीच. एक बटण दाबायचा अवकाश.

"चाचणी म्हणून," तो म्हणाला. "लिहिता येतंय का ते बघायला."

"हात लावून बघ बटणाला," मी म्हटलं. "ते ज्याचं त्यानं लिहायचं असतं. उद्या तिला काही झालं आणि तू खणात असलास तर?"

फार लागेल असं बोलले. पण त्यानं हुकूम पुसला, एकेक अक्षर मागे घेत. मग खण उघडून फोन काढला आणि तिथेच बसून बायकोला लावला. बोट लागून स्पीकर चालू झाला, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"अहो, काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "बरे आहात ना? या वेळेला फोन?"

"तुझ्या फॉर्मवर माझं नाव नाही."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. "नाही," ती म्हणाली. "आई पडल्या त्या दिवशी बदललं. आम्ही तिघींनी. हॉस्पिटलात बसल्या बसल्या, मोबाइलवरून."

"इतका राग आला?"

"राग कसला? घाबरले होते मी. अकरा वेळा लावला तुम्हाला. शिवणवाल्या ताईंनी पहिल्या घंटेला उचलला, हातातलं काम टाकून अनवाणी धावत आल्या. तुमच्याच फॉर्मवर लिहिलंय ना, नातं बघू नका म्हणून? नाही बघितलं."

"अगं, पण मला सांगायचंस तरी!"

"सांगायलाच तर लावत होते ना," ती म्हणाली. "अकरा वेळा."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून ते ऐकवत नव्हतं. तो "हो" म्हणाला, "बरं" म्हणाला, आणि फोन ठेवला. सहा वाजले तरी उठेना. मीच त्याचा डबा पिशवीत घालून दिला, न उघडलेला.

दुसऱ्या दिवसापासून फोन टेबलावर आला. आवाज मोठा, इतका की खालच्या मजल्यावरून कोणीतरी बघायला आलं. कर्ज हवंय का, प्लॉट घेता का, कोणाचाही फोन येवो, पहिल्या घंटेला उचलून हा म्हणणार, "हां, बोला." ऑफिसात लोक तोंड दाबून हसायचे. मी त्यातल्या दोघांना झापलं.

आणखी एक गोष्ट त्यानं केली. क्लायंटच्या तपासणीसाठी माझ्याकडे प्रश्नांची यादी असते. प्रश्न, अपेक्षित उत्तर, आणि रोज सकाळी नऊला सगळे प्रश्न आपोआप विचारले जातात. जुळलं की हिरवी ओळ, नाही जुळलं की लाल. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "यात एक घाल. माझ्याकडे किती बाण येतात? अपेक्षित उत्तर शून्य."

"वेडा आहेस का?"

"ज्याचं उत्तर पक्कं ठाऊक आहे तोच प्रश्न चांगला," तो म्हणाला. "आता मला ठाऊक आहे."

मी घातला. दुसरं काय करणार? रोज सकाळी नऊला ती ओळ हिरवी व्हायची, आणि माझं डोकं फिरायचं. हिरवी ओळ बघून इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

त्याच सुमाराला त्याच्या आईचे फोन सुरू झाले. पहिला आला तेव्हा तो ताडकन उभाच राहिला. "काय झालं, आई?"

"काही नाही रे. सहज."

मग रोज. सकाळी दहाला, कधी बाराला, कधी साहेब समोर बसलेले असताना. मधे दोन दिवस गप्प, मग एकाच दिवसात पाच. एकदा तो जिन्यात होता तर दोन-दोन पायऱ्या उड्या मारत वर आला आणि धापा टाकत उचलला. "काही नाही रे. सहज." म्हातारीला दुपारची झोप लागत नसेल, असं सगळे म्हणायचे. मीही तेच म्हणायची, आणि मी स्वतःला चुका पकडणारी म्हणवते!

सात आठवडे झाले. परवा सकाळी नऊला मी चहाचा कप घेऊन बसले, यादी वर सरकवत गेले, आणि कप तसाच खाली ठेवला. बाकी सगळं हिरवं आणि मधे एक लाल ओळ. अपेक्षित उत्तर शून्य, मिळालेलं उत्तर एक.

"इकडे ये," मी म्हटलं.

तो आला, वाकला, चष्मा कपाळावर चढवला. "क्लायंट चुकतोय," तो म्हणाला. "जुनी नक्कल वाचतोय, पत्ता..."

"पुन्हा बघ," मी म्हटलं.

त्यानं बाण उघडला. निघाला होता त्याच्या आईच्या ठिपक्यापासून, क्रमांक तीन. नातीचं नाव खोडून त्या जागी काढलेला, आदल्या दिवशी दुपारी. आदल्या दिवशी दुपारी त्यानं "सहज"चा फोन पहिल्या घंटेला उचलला होता, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

तो टेबलाची कड धरून उभा राहिला, आणि डोळे नुसते वाहायला लागले, ते त्यानं पुसलेही नाहीत. मी माऊस घेतला आणि अपेक्षित उत्तराच्या चौकटीत एक लिहायला गेले.

"थांब," तो म्हणाला. "इतक्यात बदलू नकोस."

"का?"

"आई अजून बघतेय," तो म्हणाला, आणि टेबलावर फोन वाजला.