पुरणपोळ्या कोणी लाटल्या?

नोकरीत पुष्कळ प्रकरणं हाताळली, पण एका प्रकरणाची आठवण आजही मला स्वस्थ बसू देत नाही. त्याबद्दल लोक माझं कौतुक करतात, म्हणूनच खरं काय घडलं ते लिहितो आहे.

महाराष्ट्रात मी फौजदार होतो. पत्नीला नर्सची नोकरी मिळाली म्हणून अमेरिकेत आलो आणि ऐंशीच्या दशकात शिकागोच्या पश्चिमेला बेकारी भत्त्याच्या दाव्यांचा तपास करण्याच्या कामाला लागलो. भत्ता घेऊन चोरून काम करणारे शोधायचे, जबाब घ्यायचे, अहवाल द्यायचा.

स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला सहसा भत्ता मिळत नसे. आजारपणामुळे सोडली असेल तर मिळे, पण दोन गोष्टी पटवून द्याव्या लागत. एक, ते काम खरोखर झेपत नव्हतं. दोन, दुसरं हलकं काम करायची ताकद आणि तयारी आहे. फार आजारी दिसलं तरी पंचाईत, ठणठणीत दिसलं तरी पंचाईत.

एका सकाळी ऑफिसात निनावी फोन आला. एका मराठी बाईने संधिवात म्हणून कारखान्यातली नोकरी सोडली आहे, भत्ता घेते आहे, आणि होळीला इथल्या महाराष्ट्र मंडळात साठ माणसांच्या पुरणपोळ्या तिनेच केल्या. नाव मराठी, म्हणून फाइल माझ्याकडे आली.

ते कुटुंब माझ्या ओळखीचं होतं. तसं वरिष्ठांना सांगून प्रकरण सोडायला हवं होतं. सोडलं नाही. हा आपल्या लोकांना सांभाळून घेतो असं कोणी म्हणेल, याची मला सतत धास्ती असे. त्यामुळे उलट कडक होऊन दाखवायचं ठरवलं.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या बाईंना मी वहिनी म्हणत असे. वहिनींनी आग्रहाने बसवलं. चहा त्यांच्या यजमानांनी आणला.

"वहिनी, तब्येत कशी आहे?"

"छान आहे भाऊजी. देवाची कृपा."

"घरातलं सगळं कोण करतं?"

"कोण करणार? मीच. इथे काय मोलकरीण ठेवलीय?"

"आणि मंडळाच्या पुरणपोळ्या?"

"त्याही मीच. का हो, कमी पडल्या का तुम्हाला?"

यजमान म्हणाले, "म्हणजे तसं बघितलं तर..." वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते गप्प झाले. नवरा-बायको काहीतरी लपवताहेत हे मी ओळखलं. जबाबावर सही करताना वहिनींनी पेन लहान मुलासारखं सगळ्या बोटांनी धरलं होतं. तेही माझ्या नजरेस पडलं. दुखण्याचं नाटक करते आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

माझ्या अहवालावरून भत्ता थांबला. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं असतं तर घेतलेला भत्ता परत करावा लागला असताच, वर खटलाही झाला असता. दोघांचे नागरिकत्वाचे अर्ज नुकतेच गेले होते. त्यांनी अपील केलं आणि सुनावणी लागली.

त्याआधीच्या शनिवारी आणखी पुरावा मिळतो का बघायला मी न कळवता गेलो. घरात वास बसू नये म्हणून आमच्याकडे बरेच जण तळणं-भाजणं गॅरेजमध्ये करत. यांच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. आत वहिनींचे यजमान, कमरेला टॉवेल, हाताला पीठ, इलेक्ट्रिक तव्यावर पुरणपोळी टाकत होते. पातळ, कडेपर्यंत पुरण भरलेली, सराईत हाताची.

मला बघून त्यांचा चेहरा पडला. "अहो, कोणाला बोलू नका. मंडळातले जगू देणार नाहीत. गावाला आईला कळलं तर..."

आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या. "भाऊजी, पोळ्या मीच केल्या असंच राहू द्या."

"वहिनी, खटला होईल!"

"होऊ दे. माझ्यापायी यांना लोकांनी हसलेलं मला चालणार नाही."

त्यानंतर मला धड झोप लागली नाही. खरं सांगावं तर माझा अहवाल खोटा पडतो, वर ओळखीचं प्रकरण ठेवून घेतल्याचंही उघड होतं. सांगू नये तर निर्दोष बाई अडकते.

सुनावणीत मी अहवाल वाचला. मंडळाच्या सेक्रेटरींनी पोळ्यांची साक्ष दिली. सुनावणी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, आणखी काही सांगायचं आहे?

"नो सर," मी म्हणालो.

तेवढ्यात यजमान उठले. "आय मेक. ऑल. टू इयर्स, सर."

सेक्रेटरी फिसकन हसले. तसे यजमान गर्रकन वळले आणि मराठीत कडाडले, "हसताय काय? चार हादडल्यात, वर डब्यात भरून नेल्यात!"

अधिकाऱ्यांनी शांतपणे वहिनींना मूठ मिटायला सांगितलं. त्यांनी प्रयत्न केला. बोटं तळव्याला टेकेनात. चारचौघांत पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "नाही जमत."

"दुसरं काम करू शकाल?"

"फोनवर बोलायचं काम करीन. दिवसभर."

"दॅट इज ट्रू, सर," यजमान म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

निकाल वहिनींच्या बाजूने लागला. मंडळात मात्र बोललं गेलं की आपला माणूस खात्यात होता, म्हणून त्या सुटल्या. मी ते कधी खोडून काढलं नाही.

पोलिसाला खोटं पकडायला शिकवतात. पण माणूस खोटं कोणासाठी बोलतो, हे विचारल्याशिवाय तपास पुरा होत नाही, हे मला या प्रकरणाने शिकवलं. पाहुण्यासमोर आमच्याकडची कोणती बाई म्हणेल की माझ्याने घर होत नाही? हे मला, एका मराठी माणसाला, कळायला हवं होतं.

सुनावणीनंतर पार्किंगमध्ये वहिनी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही गॅरेजचं बोलला नाहीत. माझा शब्द राखलात."

मी मान डोलावली. मी त्यांचा शब्द राखला नव्हता, घाबरलो होतो. वहिनी आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.