गीताच्या घरातली सासू

विद्यानगरच्या त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांची समजूत होती, की सखूबाई ही गीताची आई. गीतानं ती कधी दुरुस्त केली नाही. दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर लोकांना समजावून थकलेली बाई. नवरा सोडून गेला आणि सासू माझ्याजवळ राहिली, हे आणखी कुणाकुणाला समजावत बसणार?

पण घडलं होतं तसंच. घटस्फोट घेऊन दिलीपनं नांदेडला दुसरा संसार मांडला, तेव्हा सखूबाई म्हणाल्या होत्या, "मी इथंच बरी. पोरीला शाळेतून आणायला कुणी नको?" पुढं पोरगी, रोशनी, दिलसुखनगरच्या कॉलेजात एकटी जाऊ लागली, तरी त्या राहिल्याच. भाजीत मीठ किती, टीव्हीचा आवाज केवढा, यावरून सासू-सुनेचं रोज वाजायचं. आणि गीता आल्याशिवाय सखूबाई जेवायच्या नाहीत.

एका रविवारी तिघी विहारातून परतल्या, तर दारात दिलीप उभा. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि तिचं बाळंतपण करायला माहेरचं कुणी नव्हतं.

"माय, चल. आता तिथंच राहा," तो म्हणाला.

सखूबाई नुसत्या गीताकडे बघत राहिल्या.

कुठल्या नात्यानं अडवायचं, गीताला कळेना. पोटचा मुलगा न्यायला आलाय. ती आत गेली आणि कपाटातली लुगडी काढून पिशवीत भरू लागली.

"आजी, तू जाऊ नक्को," रोशनी म्हणाली. "मम्मी, तू कुछ बोल ना!"

गीता घड्या घालत राहिली. तेवढ्यात सखूबाईंनी येऊन तिच्या हातातलं लुगडं ओढून घेतलं.

"लई घाई झाली गं तुला? एकदा तरी 'नका जाऊ' म्हणली असतीस."

"मी कोण म्हणणार, आत्याबाई? तुम्ही रोशनीसाठी राहिलात..."

"रोशनी कवाच मोठी झाली. मग कुणासाठी राहिले मी?"

गीता पलंगावर टेकली. इतक्या वर्षांत हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "नका जाऊ."

पण सखूबाई गेल्याच. येणाऱ्या लेकराचा काय दोष, असं त्यांचं म्हणणं. जाताना दिलीपला मात्र सगळ्यांसमोर बजावलं, "बाळंतपण करते. सव्वा महिना झाला की मला इथं आणून सोडायचं." दिलीपनं मान हलवली.

सव्वा महिन्याचे तीन महिने झाले. बाळाला कावीळ झाली, मग थंडी आली. गीता रोज फोन करायची, आणि फोनवरही दोघींचं वाजायचंच.

परत आल्या त्या दिवशी सखूबाईंनी पाणीसुद्धा न पिता मोबाइलमधला बाळाचा फोटो रोशनीपुढं धरला. तिनं तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"नाक मेरे जैसाच है, आजी!"

गीता लांब उभी होती. मग तीही जवळ आली आणि फोन आपल्या हातात घेतला.