सिमल्याला नेलेला तवा

सिमल्याला आम्ही जन्मात एकदाच गेलो, पण त्या सहलीचे किस्से अजून संपत नाहीत. घरी पाहुणा आला, चहा ठेवला, की कोणीतरी म्हणतंच, "तो डॉक्टरांचा सांग ना." डॉक्टरांचा झाला की बुटांचा, बुटांचा झाला की... जाऊ दे, पहिल्यापासून सांगतो.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. ऑफिसातून प्रवासभत्ता मिळणार होता आणि कुठं जायचं यावर घरात वाद पेटला होता. माझ्या दहावीतल्या मुलाला, विजूला, मुंबई हवी होती. त्याची मोठी बहीण मंदा, तिला 'जिथं नाशिकचं कोणी भेटणार नाही' असं कुठलंही गाव चालणार होतं. माझी आई कोपऱ्यात भाकऱ्या थापत बसली होती. ती म्हणाली, "मला बरफ बघायचाय."

त्यामागे एक जुनं भांडण होतं. माझे वडील, नाना, तरुणपणी लष्कराच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. एक हिवाळा त्यांनी काश्मीरात काढला आणि पुढचं सगळं आयुष्य तो हिवाळा सांगण्यात. बर्फ पडतो तेव्हा आवाज होत नाही, असं ते म्हणायचे. आईचं सगळं आयुष्य निफाडकडच्या खेड्यात गेलेलं. तिला आभाळातून पडणारी माहीत ती गार. ती पत्र्यावर पडायला लागली की घरात बोलणं ऐकू येत नाही. "एवढं पडतंय आन् आवाज नाय? थापा नका मारू," असं तिनं नानांना जन्मभर सुनावलं. तिचं ऐकून सगळी आळी त्यांना थापाड्या म्हणायची.

नाना जाऊन फार दिवस झाले नव्हते. "खरं बोलत व्हते का थापा मारत व्हते, एकदा बघून येऊ," आई म्हणाली. सिमला ठरलं.

*

आमच्या ऑफिसात मालेगावच्या पलीकडे गेलेले लोक कमी, पण सल्ल्यांना तोटा नव्हता. देशपांडे तर घरी येऊन सांगून गेले, की तिकडे दोन चमचे ब्रँडी लागतेच, औषध म्हणून. आम्ही इथंसुद्धा रोज घेतो, तब्येत कशी ठणठणीत आहे बघा!

ते गेल्यावर आई म्हणाली, "ह्या माणसाला नाशकातच लय थंडी वाजती."

*

मग बुटांचा. आईनं कधी पायात वहाणांखेरीज काही घातलं नव्हतं. मेनरोडवर दुकानं पालथी घातली तेव्हा तिच्या मापाचे सापडले ते शाळकरी पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. सवय व्हावी म्हणून ती ते घालून दूध आणायला जाऊ लागली. वर नऊवारी, खाली पीटीचे बूट!

मंदाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आजी दिसली की ती रस्ता ओलांडायची. एकदा तिच्या मैत्रिणीनं विचारलं, "त्या कोण गं?" मंदा म्हणाली, "समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात बहुतेक." हे आईनं ऐकलं. घरी आली आणि मंदाचं दूध पुढ्यात ठेवून म्हणाली, "घे. समोरच्या बिल्डिंगमधून आणलंय."

*

डॉक्टरांनी मात्र सगळंच मोडीत काढलं होतं. ब्लड प्रेशर, वय, एवढ्या उंचीवर हवा विरळ, दम लागेल, नको म्हणाले. मी मुकाट उठलो. आई उठली नाही.

"मी वणीच्या गडावर पायी चढलेय," ती म्हणाली.

"कधी?"

"ह्याच्या लग्नाच्या साली."

डॉक्टर हसले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. ते म्हणाले, "खाली जाऊन न थांबता परत वर या. आलात तर जा सिमल्याला." आई गेली आणि आली. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली, मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. आई निघताना म्हणाली, "आता तुमी एकदा जाऊन या, डॉक्टर. पोट सुटलंय."

*

निघायच्या दिवशी होल्डॉल बांधताना त्यात तवा सापडला. लोखंडी, भाकरीचा.

आमच्या गावाकडे गारा सुरू झाल्या की अंगणात तवा पालथा टाकतात. त्यानं गारा थांबतात, अशी समजूत. थांबतात की नाही देव जाणे, पण तव्यावर ठणठण वाजतात एवढं खरं.

विजू हादरला. "आजी, आपण बर्फ बघायला चाललोय. तू तो बंद करणार?"

"तुला काय करायचंय? माझं वझं मी उचलीन."

उचललं विजूनंच, नाशिकरोडपासून सिमल्यापर्यंत.

*

आणि सिमल्यात कडकडीत ऊन! हॉटेलचा आचारी रोज म्हणायचा, "कल गिरेगी, माताजी." मुलं वैतागली. विजू म्हणाला, तव्याचा पायगुण. आई शाल गुंडाळून खिडकीशी बसून राहायची. तिचं ते बसणं मला बघवत नव्हतं. या वयात तिला पुन्हा इतक्या लांब कोण आणणार?

परतीच्या दिवशी सकाळी सामान बांधून झालं आणि विजू अंगणातून ओरडला. बर्फ पडत होता. मुलं नाचायला लागली, आचारी बाहेर आला, बाकीचे पाहुणेही आले. आणि आई आली, कॅनव्हासचे बूट घालून, हातात तवा घेऊन.

"आजी, नको गं," मंदा म्हणाली. "सगळे बघतायत."

आईनं तवा अंगणात पालथा घातला आणि त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

"जरा गप बसा समदे."

सगळे गप्प झाले. पाहुणेसुद्धा. काळ्या तव्यावर पांढरे ठिपके पडत गेले, मग ठिपके दिसेनात, मग तवाच दिसेना. आई कान लावून बसली होती. मंदा तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं आजीच्या डोक्यावरचा बर्फ हातानं झटकला. आईचं लक्षही गेलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं तवा उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली,

"बरं. जिंकले तुमी."