दुपारी दोन ते चार

रजा काढून मी अमेरिकेतून सहा दिवस जळगावला आले ती नानांच्या दोन तासांसाठी. नाना म्हणजे माझे वडील. वर्षभरापूर्वीच्या आजारपणापासून सकाळी त्यांना कुणी ओळखू येत नाही, दिवेलागणीला तर आईसुद्धा परकी होते. पण जेवण झालं की दोन ते चार डोकं लख्ख. "बोलायचं असेल तर आत्ताच ये," आई फोनवर म्हणाली होती.

आले. आणि पहिल्याच दिवशी दोनच्या ठोक्याला माझ्या अंगानं दगा दिला. तिकडे तेव्हा पहाटेचे साडेचार. पाच मिनिटं पाठ टेकते म्हणाले आणि डोळे उघडले तेव्हा पाच वाजून गेले होते. नाना अंगणात खुर्चीत, आणि मी त्यांच्या लेखी कुणीतरी पाहुणी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. सकाळी गच्चीवर उन्हात बसले, दुपारी थंड पाण्यानं आंघोळ केली, कळण्याची भाकरी उभ्यानं खाल्ली. काही उपयोग नाही. रात्री मी टक्क जागी आणि नाना शेजारच्या खोलीत घोरतायत. सात समुद्र ओलांडून आलेली मी माझ्याच अंगात कोंडले गेले होते आणि दिवस भराभर संपत होते. चीड यायची, रडू यायचं. सगळा राग आईवर निघाला.

"उठवायला काय होतं तुला? गदागदा हलव, तोंडावर पाणी ओत!"

"तू उठतच नाहीस," आई भांडी आवरत म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

नाना तीस वर्षं वरणगावला कारखान्यात होते. त्यांच्या रातपाळीच्या आठवड्यात दिवसा आमचं घर मुकं व्हायचं. कुकर लावायचा नाही, कडी वाजवायची नाही. भाजीवालीला आई हाताच्या खुणेनंच परत पाठवायची. एकदा माझ्या हातून ताट पडलं तर पाठीत धपाटा बसला होता. पाळी बदलली की अंगाला आठवडा लागतो, त्याच्याशी भांडू नये, असं नाना सांगायचे. माझ्याकडे आठवडाच नव्हता.

शेवटच्या दिवशी मोबाइलवर पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीन गजर लावले आणि तो उशाशी ठेवला. जाग आली तेव्हा साडेचार. खिडकीला जाड चादर टांगलेली. खाटेजवळ खुर्ची घेऊन नाना बसलेले, मांडीवर माझा मोबाइल, बंद केलेला.

आई दारात उभी होती. "रोज असंच," ती हळूच म्हणाली. "दोन वाजले की खुर्ची घेऊन इथं बसतात. तुला हात लावू देत नाहीत. म्हणतात, 'झोपू दे तिले. रातपाळी करीसन येल शे ती.' तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी भांडली असतीस."

भांडले असते. सहाही दिवस त्यांनी मला ओळखलं होतं, आणि सहाही दिवस मी घोरत पडले होते.

"नाना," मी म्हणाले.

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला, जपून, दुसऱ्याची वस्तू द्यावी तसा. मग ही कुणाकडे आलेली पाहुणी, असं माझ्याकडे निरखून पाहत विचारलं, "कोना घर उनी तू, माय?"